बांधातली होडी

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. अलीकडे कोंडसर, पलीकडे खारवली, आणि मध्ये होडी चालवणारी आवडाय. आवडाय विधवा बाई, दंड पहारीसारखे, जीभ त्याहून टणक. असं म्हणतात, ती ओरडली की ओहोटीसुद्धा लवकर लागायची.

एका चैत्रात खारवलीचा बांध फुटला. खाडीचं पाणी शेतात शिरू लागलं. खारं पाणी एकदा मुरलं की तीन वर्षं भाताचा दाणा नाही.

कोंडसरात बैठक बसली. दाजी खोत म्हणाले, "गरीब आहेत बिचारे. देऊ ते घेतील." बाबल सुतार म्हणाला, "दिलं की बसून खातात. हलवू देत हात." दोघांचं दुपारपर्यंत चाललं. आवडाय वल्ह्यावर हनुवटी टेकून ऐकत होती.

"तुम्ही दोघं पलीकडे कधी गेलात?" तिनं विचारलं.

कोणीच गेलं नव्हतं.

शेवटी दाजींचंच म्हणणं टिकलं. घाटावरून घोंगड्या आणवल्या, आवडायनं तीन दिवस त्या वाहिल्या. चैत्रात, खाडीकाठी, घोंगड्या! असं म्हणतात, खारवलीत शेळ्यासुद्धा घोंगडी पांघरून घाम पुसत बसायच्या.

चौथ्या खेपेला पलीकडची रखमाय गुडघाभर चिखलात येऊन उभी राहिली. "आवडे, पुरे गो घोंगड्या. उकडून मरू."

"मग काय हवंय?"

"माणसं. आणि चिकणमाती, आमची सगळी खाडीत गेली. चार दिवसांवर अवस आहे. उधाण आलं की शेत संपलं."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कोणी?"

आवडायला स्वतःचीच लाज वाटली. तीन दिवस तीच तर वाहत होती. ती तशीच मागे फिरली आणि कोंडसरच्या काठावरून ओरडली, "घोंगड्या उतरवा. माणसं चढा."

बाबल म्हणाला, "मी सांगत होतोच, हात हलवायला हवेत."

"मग तुझे हलव. बस पुढे."

दाजींना तिनं दंडाला धरून बसवलं. खारवलीकर मात्र उपाशी माणसाला कामाला लावेनात. आधी खेकड्यांचं कालवण, मग फावडं. गरिबाघरचं कसं खायचं म्हणून दाजी आढेवेढे घेत होते, त्यांनी तीनदा वाढून घेतलं. दोन्ही गावं मिळून राबली. असं म्हणतात, त्या चार दिवसांत आवडायनं एवढी माती वाहिली की कोंडसरची एक टेकडी बसकी झाली.

अवस आली. भगदाड होडीएवढं उरलं आणि समोरून उधाण येताना दिसलं. माती टाकली की वाहून जाई. आवडायनं होडी भगदाडात आडवी घातली आणि तळाला पहार मारली.

"अगो, पोट आहे ते तुझं!" रखमाय म्हणाली.

"माती टाक. बोलू नंतर."

होडी बसली, मातीनं भरली. पाणी काठापर्यंत चढलं. असं म्हणतात, खाडीनं होडीच्या पुढच्या निमुळत्या नाळेला हात लावला, ओळखलं, आणि मुकाट मागे गेली. त्या वर्षी खारवलीत भात असं आलं की कणसांच्या ओझ्यानं बांध वाकला.

मग खारवलीकर निघाले आवडायला द्यायला. कुणी गाय घेतली, कुणी लुगडं. रखमायनं वाट अडवली. "तिला विचारलंत का?"

विचारलं. आवडाय म्हणाली, "होडी द्या. आणि वल्हं हलकं करा, खांदा दुखतो."

बाबलनं पलीकडे राहून ती नवी होडी बांधली. महिनाभर तिथंच जेवला, म्हणून काम लांबलं असंही म्हणतात.

आता पूल झालाय, पण होडी चालते. हातात देणगी घेऊन कोणी चढलं की होडीवाला तारी वल्हं उचलून धरतो आणि विचारतो, "विचारलंस का?" नाही म्हटलं तर सामान काठावर राहतं. माणूस रिकामा जातो, पलीकडे जेवतो, विचारून येतो. मागे शहरातली एक संस्था दोनशे कंदील घेऊन आली होती. तीही जेवून आली. खारवलीला कंदील नको होते, धक्क्याला पायऱ्या हव्या होत्या.

त्या झाल्यात. जाल तेव्हा जपून उतरा, शेवटची निसरडी आहे.