तुळाजीनं दातांनी ऐकलं

अहो, जरा नीट बसा की! आमच्या कुसवड्याच्या तुळाजी सुताराची गोष्ट उभ्या उभ्या ऐकायची नसते. कुणाच्या तरी आज्याच्या आज्यानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे हे, इतकं जुनं.

तुळाजी पाच वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. पुढं लग्न झालं, रखमाई घरात आली, पण बायकोचा आवाज कसा असतो हे त्या बापड्याला ठाऊकच नाही. सगळा संसार हातवाऱ्यांवर! हातात मात्र कसब असं, की भैरोबाची पालखी त्यानंच घडवलेली. फळी पोकळ की भरीव हे तो तिची कड दातात धरून, वर टिचकी मारून ओळखायचा, असं म्हणतात.

देवळाच्या बाळोबा गुरवाकडं एक व्हायोलिन होतं, नाटक कंपनीतून आणलेलं. गाव त्याला फिडल म्हणे. पहिल्यांदा वाजलं तेव्हा बायका दचकून उठल्या होत्या. "अगं बाई, त्या पेटीत कोण रडतंय?" मग हळूहळू त्याचंच वेड लागलं, आणि फिडल वाजल्याशिवाय जत्रेत पालखी उचलायची नाही असा रिवाज पडला.

एका वर्षी दमट हवेनं फिडलाचा सरस सुटला. बाळोबानं ते तुळाजीकडं दिलं. तुळाजीनं वरची फळी उचलली, तर आतून बोटभर लांबीची एक काडी घरंगळत बाहेर आली. तिला ना खिळा, ना सरस. कुठला आळशी सुतार हा तुकडा आत विसरला, म्हणून तुळाजी मनात हसला. गुरवाला दाखवू म्हणून त्यानं ती कोनाड्यात ठेवली आणि फळी झकास चिकटवून दिली. काडी दाखवायची तेवढी राहून गेली.

जत्रेचा दिवस उजाडला. पालखी सजली, भोई खांदा द्यायला वाकले, बाळोबानं तारांवर गज ओढला... आणि काय सांगू! डास गुणगुणावा तेवढाच आवाज. सगळी जत्रा जागच्या जागी थिजली. बाळोबानं फिडल हलवून पाहिलं आणि तो ओरडलाच, "आतली काडी कुठाय? तुळ्या, जीव घेतलास रं याचा!"

तुळाजीला नुसती हलणारी तोंडं दिसत होती. बाळोबानं बोटभर माप दाखवून फिडलाच्या पोटाकडं खूण केली, तेव्हा त्याला काडी आठवली. पाटलानं मावळतीकडं बोट दाखवून त्याची करवत उचलून लांब भिरकावली, तेव्हा पुढचंही कळलं. दिवस मावळायच्या आत पालखी उठली नाही, तर देवाच्या लाकडाला त्यानं पुन्हा हात लावायचा नाही. तो धावत घरी गेला. कोनाडा रिकामा! रखमाई दारात उभी होती, पांढरीफटक. तिनं मान खाली घातली.

मग तुळाजीनं नवी काडी तासली आणि तसाच देवळाकडं पळत आला. वाकड्या तारेच्या टोकावर धरून फिडलाच्या पोटावरच्या फटीतून आत नेली. पण उभी करायची कुठं? ज्याला ऐकूच येत नाही त्यानं कसं ठरवायचं? त्यानं फिडलाच्या मानेचं टोक दातात धरलं आणि बाळोबाला खुणावलं, वाजव.

राळ लावलेल्या गजाच्या केसांनी तार पकडली, सोडली, पकडली, सोडली. तार थरथरली, तिनं खालची घोडी, म्हणजे तारा पेलणारी लाकडी पट्टी, हलवली, घोडीनं वरची फळी हलवली. आणि काडीनं तो थरकाप पाठीच्या फळीला पोचवला, तसं सगळं लाकूड बोलायला लागलं. ते थेट तुळाजीच्या कवटीत शिरलं.

आई शप्पथ, माणूस किंचाळला! टिचकीची ठकठक त्याला ठाऊक होती, सूर ठाऊक नव्हता. त्यानं काडी तांदळाएवढी सरकवली, पुन्हा सरकवली. अखेर फिडल असं घुमलं की देवळाचे खांबसुद्धा त्याच्याबरोबर गायला लागले, असं म्हणतात. पालखी उठली. दिवस अजून कासराभर वर होता.

बाळोबाचा गज थांबला, पण तुळाजी काही दातातलं टोक सोडेना. तेव्हा रखमाई गर्दीतून पुढं आली, सगळ्यांदेखत वाकली आणि फिडलाच्या पोटाशी तोंड नेऊन म्हणाली, "काडी मीच जाळली हो. ढलप्यांबरोबर चुलीत गेली. भिऊन गप बसले मी."

गाव हादरला. आता हा काय करतो? तुळाजी डोळे फाडून तिच्याकडं बघत राहिला. गालांवरून पाणी वाहत होतं. कितीतरी वर्षांत न वापरलेल्या, गंजलेल्या आवाजात तो एवढंच बोलला, "हा... तुझा आवाज? परत बोल."

आमच्याकडं जत्रेला नवं जोडपं आलं की अजून असंच करतात. एकानं फिडलाचं टोक दातात धरायचं, दुसऱ्यानं त्याच्या पोटाशी तोंड नेऊन लपवलेली एक चूक सांगायची. मग अदलाबदल. याला आम्ही तुळाजीची कबुली म्हणतो. ऐकणाऱ्याला तिथं रागवायची मुभा नाही. किती का धक्का बसेना, तुळाजीचं नाव घेऊन "परत बोल" म्हणायचं, आणि पुन्हा सगळं ऐकून घ्यायचं.