होडीएवढी वाट

कोणे एके काळी, जेव्हा गावांचे नकाशे वाळूवर काठीने काढत, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रकाठी एक कोळीवाडा होता. त्यातून टेकडीवरच्या देवळाकडे एकच वाट जात होती. समुद्र कधी गावात शिरलाच, तर सगळ्यांना एकदम वर पळता यावे म्हणून पूर्वजांनी ती रुंद ठेवली होती. शिवाय एक रीतही घालून दिली होती. दरवर्षी मोठी होडी खांद्यावरून देवळापर्यंत न्यायची आणि ती ज्याच्या ओट्याला लागेल, त्याचा ओटा फोडायचा.

गावकरी रीत मोडणारे नव्हते. ओटे जसजसे पुढे सरकले, तसतशी ते लहान होडी निवडू लागले. यंदा तर एकाच माणसाने ती काखोटीला मारून नेली. कुठेच लागली नाही, म्हणून सर्वांनी आनंदाने नारळ वाढवला.

देवळातून उतरून ओट्यांमधल्या चिंचोळ्या वाटेने येताना गावच्या पाटलासमोर टोपलीवाली एक कोळीण आली. दोघांपैकी एकाला मागे फिरणे भाग होते. पाटीलच फिरला. फिरता फिरता त्याने दोन्ही बाजूंचे ओटे पाहिले. इथून अख्खे गाव कसे पळणार?

दुसऱ्या दिवशी त्याने मोठी होडी उचलायला लावली. ती पहिल्याच घराला अडली. घर पाटलाचे होते.

ओट्यावर पाटलीण बांगडे कापत बसली होती. "तीस वर्षं इथं बसते मी," ती म्हणाली. "उद्यापासून कुठं बसू? तुमच्या पाटीलकीवर?"

"ओटा राहिला आणि तू राहिली नाहीस, तर मी भांडू कुणाशी?" पाटील म्हणाला.

पाटलिणीने विळी उचलली. "डावीकडून फोडा. तिकडची बाजू तुम्हीच बांधलीय, लवकर पडेल."

पाटलाचाच ओटा फुटल्यावर इतरांना सबब उरली नाही. एकमेकांच्या ओट्यांकडे बोट दाखवत त्यांनी आपापले फोडले.

चार महिन्यांनी, भर दुपारी, जमीन हादरली आणि समुद्र मागे हटला. सारे गाव वाटेला लागले. म्हातारे बाजेवरून, पोरे कडेवर, शेळ्या मिळेल तिथून. मागून लाट आली आणि घरे घेऊन गेली. टेकडीवर पाटलाने माणसे मोजली. एकही कमी नव्हते.

नवे गाव टेकडीच्या अंगावर वसले. पाटलिणीने आधी वाट आखून घेतली, मगच कुणाला घराचा पाया खणू दिला.

तात्पर्य: संकटाआधी ज्याने त्याने सोडलेली हातभर जागा संकटात अख्ख्या गावाला पुरते.