साखळीला बांधलेला लॅपटॉप

तीन फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी दाट धुकं, दहानंतर कडक ऊन. त्या उन्हात बैलबाजाराच्या मधोमध एक टेम्पो उभा होता. टेम्पोत ऑफिसचं टेबल होतं, टेबलाच्या पायाला बैलाची साखळी होती आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप!

"लॅपटॉप टेबलापासून सुटता कामा नये, असा आबासाहेबांचा हुकूम आहे," टेम्पोत खुर्ची टाकून बसलेले मॅनेजर सुखटणकर गंभीरपणे सांगत होते. "आणि लॅपटॉप बाजारात हवा, असाही हुकूम आहे. मी दोन्ही पाळले!"

आबासाहेब गोंजारी पूर्वी बैलांचे व्यापारी होते. आता त्यांचा पशुखाद्याचा कारखाना होता. महिन्यापूर्वी त्यांच्या एका विक्रेत्यानं चहाच्या टपरीवरच्या फुकट वाय-फायला लॅपटॉप जोडला. ऑफिसात एकमेकांसाठी उघड्या ठेवलेल्या फायली तिथंही उघड्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा व्यापारी आबांच्याच गिऱ्हाइकांना आबांपेक्षा कमी भाव सांगत फिरू लागला! आबा गोठ्यात गेले, साखळ्या घेऊन आले आणि ऑफिसातले पाचही लॅपटॉप टेबलांना जखडून टाकले.

टेम्पोतली ही वरात पाहून ऑर्डरी घेणाऱ्या वैजूला हसू आवरेना.

"दात काय काढतीस गं?" आबा गरजले.

"काही नाही, आबा. पुढच्या बाजाराला ऑफिसचं दारही आणू या. म्हणजे लॅपटॉप बाहेर पडलाच नाही, असं होईल!"

भोवतालचे शेतकरी खो-खो हसले. आबांच्या मिशा थरथरल्या.

"लई शहाणी! मग ऐक. पुढल्या मंगळवारी लॅपटॉप माझ्या शेजारी पायजे. टेबल नको, साखळी नको. हितं घेतलेली ऑर्डर तिथल्या तिथं ऑफिसात पोचली पायजे. पण ऑफिसातली एक ओळसुद्धा उंबऱ्याबाहेर पडता कामा नये! नाय जमलं तर बुधवारपासून घरी बसायचं."

वैजूचं हसू मावळलं. तिच्या पगारावर धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं. पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

"जमेल, आबा."

आठवडाभर ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरशी झटत होती. आबा अधूनमधून येऊन खोडा घालायचे.

"आणि बाहेर फिरून त्यो लॅपटॉप रोग घेऊन आला तर? बाकीचे चारही आजारी पडतील!"

"आबा, बाजारातून आणलेला बैल तुम्ही थेट गोठ्यात बांधता?"

"छ्या! आधी परड्यात वेगळा बांधायचा. तपासायचा. मगच आत."

"मग बाहेरून आलेल्या लॅपटॉपलाही मी वेगळी लाइन दिलीय. तपासल्याशिवाय बाकीच्यांच्यात जायचं नाही."

आबा हुं म्हणाले आणि निघून गेले. पण जाताना त्यांनी सुखटणकरांना डोळ्यानं खूण केली.

मंगळवार उजाडला. लिंबाच्या झाडाखाली बाजलं टाकून आबा बसले. मागं सुखटणकरांचा टेम्पो टेबलासकट उभाच होता, न जमलं तर असावा म्हणून. शेजारी वैजू, तिच्या मांडीवर मोकळा लॅपटॉप. टपरीच्या वाय-फायकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. स्वतःच्या मोबाईलचं इंटरनेट जोडलं. गिऱ्हाइकं येत होती, ऑर्डरी जात होत्या. दुपारी ती टपरीवरून चहाचा कप घेऊन परतली, तर बाजल्यावर लॅपटॉप नाही!

"गेला!" आबांनी मांडीवर थाप मारली. "लॅपटॉप गेला, गुपितं गेली आणि तुझी नोकरीबी गेली!"

वैजूनं बाजल्याकडे नीट पाहिलं. मग मोबाईल काढून ऑफिसातल्या मालनकाकूंना फोन लावला. "मालनकाकू, माझ्या लॅपटॉपला ऑफिसचं दार बंद करा. हो, आत्ताच." आणि ती शांतपणे चहा पिऊ लागली.

"अगं, चहा काय पितीस?"

"निवेल ना, आबा! आणि चोर काही लांब गेला नसेल. चार्जर आठवणीनं नेणारा चोर मी पहिल्यांदाच बघतेय."

टेम्पोच्या मागून सुखटणकर खाली मान घालून बाहेर आले. हातात लॅपटॉप, गळ्यात चार्जर.

"आबासाहेब, हिचा पासवर्ड मी मागं उभा राहून पाहिला होता. उघडला, पण आत काहीच नाही हो! पडद्यावरच्या ऑफिसच्या खिडकीपाशी गेलो तर म्हणे, मोबाईलवर आलेला आकडा सांगा. तो गेला हिच्या मोबाईलवर! आणि आता तर ती खिडकीही उघडेना."

"आणि सकाळपासूनच्या ऑर्डरी?" आबा किंचाळले.

"ऑफिसात," वैजू म्हणाली. "तिकडं कारखान्यात पोती ट्रकमध्ये चढायला लागलीसुद्धा."

"पण एवढ्या गर्दीत, एवढ्या मोबाईलवाल्यांत जाणारी ऑर्डर मधी कुणाला दिसली कशी नाय?"

वैजूनं पलीकडे बोट दाखवलं. दोन व्यापारी हातांवर रुमाल टाकून उभे होते.

"आबा, ते काय चाललंय?"

"सौदा. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा. एवढंबी ठाऊक नाय?"

"भर बाजारात? कुणाला कळत नाही?"

"त्या दोघांशिवाय कुणाच्या बापाला कळायचं नाय!"

"आणि मध्येच कुणी रुमाल पळवला तर?"

"पळवू दे की! रुमालात काय असतंय? भाव तर..." आबा थांबले.

"मीही बाजारात रुमालच आणला होता, आबा," वैजू म्हणाली. "भाव ऑफिसातच आहेत."

आबा असे हसले, असे हसले, की दावणीचे बैल कान टवकारून उभे राहिले!

"अरं, जन्म गेला माझा रुमालाखाली, आणि मी रुमालालाच साखळी घालून बसलो!"

बुधवारी पाचही साखळ्या गोठ्यात परत गेल्या. वैजूचा पगार दीडपट झाला आणि बाजारांच्या फेरीसाठी तिला कंपनीची स्कूटर मिळाली. टेम्पोतलं टेबल सुखटणकरांनी एकट्यानं उतरवलं.