खंडेनवमीचा पाट

बिस्किटांच्या त्या कारखान्यात पॅकिंगला पूर्वी इतक्या बायका होत्या, की खंडेनवमीच्या आरतीला टाळ्यांनी वरचे पत्रे दणाणायचे. मग रोबो आले आणि एकेक करून सगळ्या घरी गेल्या. उरली फक्त रोबोंवर नजर ठेवणारी आक्काताई. जेवणाच्या सुट्टीत ती रोबोंकडे पाठ करून एकटीच डबा खायची.

यंदा खंडेनवमीला मालक हेरवाडेसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. त्यांनी बटण दाबलं, आणि रोबो आरतीचं तबक ओवाळू लागला.

"बघा! आता पूजेलासुद्धा माणूस लागत नाही!"

आक्काताईनं पूजेचा पाट उचलून रोबोसमोर मांडला. "बसा साहेब."

"मी? मी कशाला?"

"आज हत्याराची पूजा असती. हत्यार चालवणाऱ्यानं ओवाळायचं आणि हत्यार पाटावर ठेवायचं. ओवाळणारा तर हा झाला. मग पाटावर कोण?"

पाहुण्यांना हसू आवरेना. साहेबांनी रोबो बंद केला आणि तबक तिच्या हातात दिलं.

आक्काताईनं आरती सुरू केली. पहिलं कडवं संपल्यावर ती सवयीनं थांबली. दुसरं कडवं नेहमी बाकीच्या बायका उचलायच्या.