वाटेतून परतलेला मुराळी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं कधीकधी ऐकतही असत. बैलांचा मात्र एक नियम होता. जो विचारेल, त्यालाच उत्तर द्यायचं. ज्यानं विचारलं नाही, त्याला आपण होऊन काही सांगायचं नाही.

त्या काळी नदीकाठी भातशेतीचं एक गाव होतं. भात कापून, झोडून घरात आला, की पौर्णिमेला तिथं नव्याचं जेवण होई. नव्या तांदळाचा गोड भात शिजे, अंगणात पंगत बसे, शेजारीपाजारी येत. पहिला घास तोंडात घालण्याआधी प्रत्येकानं सांगायचं, की यंदा माझ्यावर उपकार कुणाचे. कुणी पावसाचं नाव घेई, कुणी शेजारणीचं, कुणी विळ्याला धार लावून देणाऱ्या लोहाराचं.

सासरी गेलेल्या लेकी त्या दिवसासाठी माहेरी येत. येताना सासरच्या नव्या तांदळाची मूठ फडक्यात बांधून, तिची पुरचुंडी करून आणत. ती मूठ माहेरच्या हंड्यात पडे आणि दोन घरांचा भात एकत्र शिजे. पण लेकीनं आपण होऊन निघायचं नाही, अशी रीत होती. माहेरचं माणूस तिला आणायला जाई. त्याला मुराळी म्हणत.

त्या गावात एका घरी आईबाप होते, सासरी गेलेली एक लेक होती आणि तिच्या पाठचा एक भाऊ होता. आई दिवसभर शेतात असे, म्हणून भाऊ बहिणीच्या कडेवरच वाढला. चालायला तो तिचं बोट धरून शिकला. रागवायला मात्र आपला आपण शिकला.

लहानपणी त्यानं पाण्याची घागर फोडली, तर ती म्हणे, "आई, माझ्या हातून फुटली." त्यानं शेजाऱ्याच्या काकड्या तोडल्या, तर ती म्हणे, "मीच दे म्हटलं होतं." मार तिला बसे. तो दाराआडून बघत असे.

एका वर्षी नव्याच्या पंगतीत बहिणीची पाळी आली. ती गोठ्यातल्या बैलाकडे बघून म्हणाली, "माझ्यावर उपकार ह्या बैलाचे. माझा भाऊ नांगर धरतो तो सापाच्या चालीनं. तरी बिचारा बैल सरळ चालू बघतो. हा नसता, तर आमचा नांगर फिरून घरातच आला असता."

पंगत खदखदून हसली. बैलसुद्धा हसला असं म्हणतात. भाऊ हसला नाही.

त्याच्या दोस्तांनी त्या दिवसापासून त्याचं नाव नागमोड्या ठेवलं. पाणवठ्यावर नागमोड्या, शेतात नागमोड्या, अगदी पोरंटोरंही नागमोड्या म्हणू लागली. तो वर्षभर आतल्या आत धुमसत राहिला.

वर्ष फिरलं. भात घरात आला. आईनं नाचणीचे लाडू वळले, फडक्यात बांधले आणि लेकाला म्हणाली, "उद्या उजाडताच निघ. अक्काला घेऊन ये."

"यंदा बाबांनी जावं."

वडील दोर वळत बसले होते. ते म्हणाले, "बाप कधी मुराळी गेलाय का? तिची सासू विचारेल, भाऊ कुठं आहे? काय सांगू, रुसून माळ्यावर बसलाय म्हणून?"

"बसेन माळ्यावर. तिला काय त्याचं?"

आई म्हणाली, "वर्षभर रुसलायस खरा. पण तिला ते ठाऊक तरी आहे का?"

"ठाऊक नसेल, तर ती तिची चूक."

"बरं, चूक तिची. मग जाऊन सांग तिला. आणि हे लाडू वाटेत खाऊ नकोस. मोजून बांधलेत."

सकाळी त्यानं एका बैलाची गाडी जुंपली. बहिणीचं सासर नदीपलीकडे होतं. सकाळी निघालेला माणूस दुपारी तिथं पोचे. बैलाला ही वाट पाठ होती. वासरू असताना त्याला बहिणीनं हातानं गवत भरवलेलं. दरसाल तो तिच्या दारात पोचला, की मान खाली घाली. ती त्याच्या कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा लावी आणि मगच भावाला विचारी, "तू कसा आहेस रे?"

नदीच्या अलीकडे एका गावात त्या दिवशी कुस्त्यांचा फड भरला होता. तिथं त्याचे दोस्त भेटले.

"काय नागमोड्या, कुठं निघालास?"

"बहिणीला आणायला."

"म्हणजे यंदा पुन्हा चारचौघांत सत्कार. बैलासाठी एक पाट मांडा, ह्याच्यासाठी नको."

सगळे हसले. त्याच्या डोक्यात जुना राग उसळला. त्यानं बैल सोडला, झाडाला बांधला आणि फडात शिरला. एक कुस्ती पाहिली, मग दुसरी. मग स्वतः लंगोट कसून उतरला. एकाला पाडलं, दुसऱ्यानं त्याला पाडलं. घामाघूम होऊन सगळे झाडाखाली बसले, तेव्हा कुणीतरी फडकं सोडलं. लाडू एकेक करून संपले. एक दोस्त बोटं चाटत म्हणाला, "लाडू झकास झालेत हां."

उन्हं कलली. भावानं रिकामं फडकं झटकलं आणि बैलाला विचारलं, "आता काय करू रे?"

बैल म्हणाला, "अजून वेळ आहे. मी पळतो."

"रिकाम्या हातांनी कसा जाऊ?"

"तुझ्या हातांकडे ती कधी बघते? ती वाटेकडे बघते."

"मग बघू दे वाटेकडे. एक दिवस बघितली, तर झिजणार नाही."

त्यानं बैलाला घराच्या बाजूला वळवलं. बैल पुन्हा नदीकडे वळला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा भावानं काठी उगारली, तेव्हा बैल निमूट घराच्या वाटेला लागला.

दिवेलागणीला गाडी अंगणात आली. आई ओटीवर उभीच होती. तिनं गाडीत पाहिलं. गाडी रिकामी होती.

"अक्का कुठं आहे?"

भावानं वाटेत काहीच ठरवलेलं नव्हतं. तोंडात आलं ते तो बोलून गेला. "यंदा जमायचं नाही म्हणाली. घरात कामं फार आहेत."

"लाडू दिलेस?"

"दिले."

"काय म्हणाली?"

"झकास झालेत म्हणाली."

आई बैलाला गवत टाकायला गेली. दिव्याच्या उजेडात तिनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला. कपाळ कोरडं होतं.

"बैलाला कुंकूसुद्धा लावलं नाही तिनं," आई हळूच म्हणाली. "बिचाऱ्या जनावरावरही राग? आमचं असं काय चुकलं?"

भाऊ चार पावलांवर उभा होता. तेव्हा तो म्हणू शकला असता, की आई, मी गेलोच नाही. दोन शिव्या बसल्या असत्या, एक उपास घडला असता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता आलं असतं. पौर्णिमेला अजून तीन दिवस होते. बैलानं त्याच्याकडे पाहिलं. पण बैलाला कुणी काही विचारलं नाही, आणि भाऊ काही बोलला नाही.

पौर्णिमेला पंगत बसली. हंड्यात एकाच घरचा भात शिजला. आईची पाळी आली, तेव्हा ती म्हणाली, "उपकार असतील कुणाचे तरी. मला आज आठवत नाहीत."

भावानं मनाशी ठरवलं, की चार दिवसांनी जाऊन अक्काला सगळं सांगायचं. ती हसेल, एक धपाटा घालेल आणि नेहमीप्रमाणे आपल्यालाच वाचवेल. म्हणेल, आई, मीच नाही म्हटलं होतं. अशी त्याला खात्री होती.

पण चार दिवसांनी पेंढा रचायचा होता. पुढच्या आठवड्यात कुंपण घालायचं होतं. खरं सांगायचं, तर कामं एवढी नव्हती. खोटं जुनं होत चाललं होतं, आणि जुनं खोटं उचलायला जड जातं. नदी तिथंच होती. वाटही तिथंच होती. तो गेला नाही. आईही गेली नाही. बोलावून न आलेल्या लेकीच्या दारात कसं जावं, असं तिला वाटत होतं. असे चार महिने गेले.

थंडी सरता सरता पलीकडून एक माणूस आला. तो अंगणात बसला नाही, त्यानं पाणीही घेतलं नाही. बहीण तापानं गेली होती.

त्या दिवशी गाडी नदी ओलांडून पलीकडे गेली. गाडीत आई होती, वडील होते. बैल हाकायला भाऊ होता, पण बैलाला हाकावं लागलं नाही. दारात पोचल्यावर बैलानं सवयीनं मान खाली घातली आणि तो तसाच उभा राहिला.

बहिणीची सासू साधी बाई होती. ती आईच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "विहीणबाई, एवढंच सांगा. यंदा मुराळी का नाही पाठवलात?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं.

सासू सांगत राहिली. "पौर्णिमेपर्यंत चार दिवस ती पुरचुंडी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायची. माझा लेक म्हणाला, मी सोडतो तुला. तर म्हणाली, न बोलावता कशी जाऊ? आमचा नवा भात शिजला, तो तिनं तोंडाला लावला नाही. म्हणायची, भाऊ येईल. कुस्ती दिसली की त्याला वेळेचं भान राहत नाही, पण वाट तो चुकत नाही."

भाऊ भिंतीला टेकून खाली बसला.

"ताप चढला, तेव्हा मी म्हटलं, माहेरी निरोप धाडू. तर नको म्हणाली. ज्यांनी बोलावलं नाही, त्यांना मी कशाला बोलावू? पण शेवटी शेवटी एकदा आपणच म्हणाली, मी गेल्या साली त्याची थट्टा केली होती. ती त्याला लागली असणार. बरी झाले, की मीच जाईन आणि त्याची समजूत काढीन."

असं म्हणून सासूनं फडताळातून पुरचुंडी काढली आणि आईच्या हातात ठेवली. गाठ तशीच होती.

परत येताना आई गाडीत बसली नाही. गाडीमागून चालत राहिली. नदीच्या उतारावर भावानं गाडी थांबवली आणि तो म्हणाला, "आई, मला मार. काहीतरी बोल."

आई म्हणाली, "चार महिने मी माझ्या लेकीवर रागावले होते. ते चार महिने मला परत आणून दे. मुराळी आहेस ना तू?"

भाऊ नदीकडे बघत उभा राहिला. मग त्यानं बैलाला विचारलं, "तू आईला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

बैल म्हणाला, "त्या दिवशी फक्त तू मला विचारलं होतंस. तुला मी सांगितलं होतं."

पुढच्या साली पुन्हा भात घरात आला. आईनं पुरचुंडी सोडली. वर्षभरात तांदळाला कीड लागली होती. आईनं ओटीवर बसून एकेक दाणा निवडला. मूठभर होते, ते निम्मे उरले. तेवढे तिनं हंड्यात घातले.

पंगत बसली. भावाची पाळी आली. तो उभा राहिला.

"गेल्या साली अक्का येत नाही म्हणाली नव्हती," तो म्हणाला. "मी गेलोच नव्हतो. वाटेतून परतलो. लाडू आम्ही दोस्तांनी खाल्ले. तिनं बैलाला कुंकू लावलं नाही, कारण बैल तिच्या दारापर्यंत पोचला नव्हता. आई तिच्यावर रागावली आणि ती आईची वाट बघत राहिली, ते माझ्यामुळे. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार तिचे. घागर फुटली, तेव्हापासूनचे. आजवर मी ते कधी बोललो नाही. आज बोलतोय, तर ऐकायला ती नाही."

आईनं उठून त्याच्या पानावर भात वाढला, इतरांना वाढला तेवढाच, जास्त नाही आणि कमी नाही. मग ती आपल्या जागी जाऊन बसली.

त्यानंतर त्याला नागमोड्या म्हणून कुणी हाक मारली नाही. कुणीतरी एकदा तरी मारावी, असं त्याला जन्मभर वाटत राहिलं.

गावात ज्या लेकींना भाऊ नव्हता, त्यांच्यासाठी तो दरसाल मुराळी म्हणून जाऊ लागला. कुस्त्यांच्या फडाजवळून जाताना त्यानं पुन्हा कधी बैल सोडला नाही. आणि त्या गावात एक नवी रीत पडली, ती आजही आहे. मुराळी परत आला, की त्याला आधी कुणी काही विचारत नाही. आधी बैलाचं कपाळ बघतात.

तात्पर्य: रुसून जा, भांडत जा, रिकाम्या हातांनी जा, पण आपल्या माणसाच्या दारापर्यंत जा; रागाला उद्याचा दिवस असतो, माणसाला असेलच असं नाही.