नव्या मुकादमाचा पहिला ऊस

आण्णासाहेबांच्या गुऱ्हाळावर मुकादमाची जागा रिकामी झाली होती. आधीचा मुकादम सखाराम चरकात हात सापडून गेला होता. ऊस भरभर जावा म्हणून चरकावरची लोखंडी जाळी मालकांनीच काढायला लावली होती.

दहावा झाल्यावर मालकांनी नव्या मुकादमाची परीक्षा मांडली. चालत्या चरकाजवळ उभे राहून ते म्हणाले, "जाळीविना जो माणसं कामाला लावील, तो मुकादम. ज्याला जमणार नाही, त्यानं घरची वाट धरावी."

गड्यांतला रंगराव नाही म्हणाला आणि त्याच पावली घरी गेला. मग सखारामाचा जिवाचा सोबती तातोबा पुढं आला. आपणही नाही म्हटलं तर तिसरा कुणी हो म्हणेल, हे त्याला कळत होतं.

"लावतो मालक," तो म्हणाला. "पण हंगामाचा पहिला ऊस तुमच्या हातानं जातो. नव्या मुकादमाचाही तुम्हीच घाला. मग माणसं मागं राहायची नाहीत."

मालकांनी हसत ऊस धरला. शेंडा आत जाताच चरकानं तो हिसडा मारून ओढला. मालकांनी ऊस सोडून हात छातीशी घेतला.

"आधी ती जाळी बसव," ते हळूच म्हणाले.

"बसवतो. हात तुमचा काय नि आमचा काय, चरकाला सारखाच."

मालक खाली बघत म्हणाले, "तूच मुकादम."

तातोबानं चरक थांबवून जाळी बसवली. तंबाखू मळून व्हावी एवढ्या वेळात काम झालं. एवढ्याशा कामापायी सखाराम गेला होता.