कोळंबीने लिंपलेली छिद्रे

किनाऱ्यांना अजून कोणी नावे दिली नव्हती, त्या काळी समुद्राच्या तळाशी एका खडकावर एक वृद्ध स्पंज राहत असे. त्याला हात नव्हते, पाय नव्हते, तोंड नव्हते आणि पोटही नव्हते. होती ती केवळ अंगभर बारीक छिद्रे.

एके दिवशी एक कोळंबी त्याच्या आश्रयाला आली. तिच्या पोटाशी अंड्यांचा घोस होता आणि मागे मासे लागले होते. स्पंजाने तिला आपल्या आतल्या पोकळीत जागा दिली.

दुसऱ्याच दिवशी तिची तक्रार सुरू झाली.

“आजोबा, तुमच्या घरात पाण्याचा केवढा हा झोत! माझी अंडी वाहून जातील. जरा थांबवा की!”

“अगं, तो झोत म्हणजे माझं जेवण आहे,” स्पंज म्हणाला. “छिद्रांतून पाणी आत घेतो, त्यातले बारीक कण टिपतो आणि उरलेलं पाणी माथ्यावरच्या भोकातून सोडतो. त्याच पाण्यावर तुझी अंडीही श्वास घेतात.”

“इश्श! चार घास जेवावेत आणि स्वस्थ बसावं. हे अखंड कसलं जेवण?”

“समुद्र म्हणजे फार पातळ पेज, बाई! घागरीमागून घागरी गाळाव्यात, तेव्हा कुठे घासभर मिळतं.”

“तोंड नाही म्हणता आणि बोलता मात्र भारी!”

स्पंजाने पुन्हा समजावले. ती नुसत्या मिशा हलवत राहिली. त्याने तिसऱ्यांदा समजावले, तेव्हा ती म्हणाली, “हो, हो, कळलं.” ज्यांना काहीच कळलेले नसते, तेच हे शब्द इतक्या घाईने उच्चारतात!

त्याच दिवशी ओहोटीला तिने चिखल आणला आणि छिद्र न् छिद्र लिंपून टाकले. पाणी स्थिर झाले.

“आता कसं घरासारखं वाटतं!” असे म्हणून ती निजली.

जाग आली, तेव्हा तिला धाप लागली होती. तिने पोटाशी पाहिले. हिरवी अंडी पांढरी पडू लागली होती.

“आजोबा, पाणी ओढा ना! माझी पोरं गुदमरली!”

“कुठून ओढू?” स्पंजाचा आवाज क्षीण झाला होता, पण संताप उरला होता. “आता तरी बोलू नकोस. खरवड!”

नख्या झिजेपर्यंत तिने चिखल खरवडला. पाणी हळूहळू हलू लागले. परंतु घोसात मोजकीच अंडी हिरवी उरली होती. त्यांना कवटाळून कोळंबी झोतातच बसली. स्पंज पाणी ओढत राहिला. तो उपाशी होता. तो जेवत होता.

तात्पर्य: दुसऱ्याची जी रीत आपल्याला जाचते, ती मोडण्यापूर्वी ती कशासाठी आहे, हे नीट समजून घ्यावे.